एक गुंठा घरचा ऊस

शिमग्याच्या आदल्या दिवशी आत्या पुरणासाठी गूळ घ्यायला दुकानात गेली, तेव्हा मी तिच्याबरोबर होते. दुकानदारानं एक किलोचा गूळ पुढं ठेवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, चौकोनी, पिवळाधमक. आत्यानं तो नाकाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग पैसे दिले. आम्ही बाहेर आलो तर रस्ता अडला होता. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडं निघाला होता आणि वाढ्यांची टोकं दुकानाच्या पत्र्याला घासत होती. आत्या म्हणाली, "चार एकर ऊस हाय आपला. आन् गूळ इकत आणतो मी."

ही अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गाव भोगावतीच्या काठी, करवीर तालुक्यात. इथल्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'आणतो, करतो, जातो' असंच म्हणतात. पुण्यात राहून माझी ती सवय गेली, पण आत्याचं ते वाक्य मला तिच्याच सुरात आठवतं. तिच्या लहानपणी आजोबांच्या मळ्यात गुऱ्हाळ होतं. ते कधी बंद पडलं हे घरात कोणाला नीट सांगता येत नाही, कारण ते एका दिवसात बंद पडलंच नाही. एका हंगामात गूळ शिजवणारा गुळव्या मिळाला नाही, पुढच्या हंगामात दर पडला, मग कारखान्याची नोंद सोयीची वाटू लागली. वजनकाट्यावर ऊस टाकला की काम संपतं. पैसे खात्यात येतात, पण घरात गोड काही येत नाही.

त्या पावसाळ्यात आडसाली लागणीच्या वेळी आत्यानं माझ्या चुलतभावाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. विहिरीजवळचा एक गुंठा कारखान्याच्या नोंदीतून वगळायचा. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद, एखाद्या ऐसपैस अंगणाएवढी जागा. आमच्या भागात चांगल्या एकराला चाळीस टनांचा उतारा धरतात, म्हणजे एका गुंठ्यात एक टन. त्या एक टन उसाचं तोडल्यानंतर काय काय होतं, ते पाहायला मी या जानेवारीत गावी जाऊन राहिले.

गुंठ्यातला मुख्य ऊस को 86032. यातलं 'को' कोइमतूरचं. तिथं 1912 साली ऊस पैदास संस्था सुरू झाली आणि तिथून निघालेल्या जातींनी हिंदुस्थानातली उसाची शेती बदलून टाकली. त्यापुढचे 86 हे आकडे निवडीच्या वर्षाचे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून ही जात महाराष्ट्रात 'नीरा' या नावानं आली. गुळासाठी आमच्याकडं को 92005 चंही नाव घेतात, पण चुलतभावाकडं बेणं नीरेचं होतं, म्हणून नीरा लावली. एका कडेला आत्यानं आग्रहानं दहा-बारा बुंधे पुंड्या उसाचे लावले होते. पुंड्या जाड, मऊ आणि रसाळ. पोराच्या दातांनीही सोलला जातो. संस्कृतातला पौंड्रक तोच, असं मानतात. त्याला कारखान्यात किंमत नाही, कोल्हे-डुकरं आधी त्याच्यावरच येतात आणि वाऱ्यानं तो लोळतो. तरीही घरासाठी लावायचा ऊस हाच. नोव्हेंबरात तुळशीच्या लग्नाला मांडव त्याचाच झाला. चिंचा-आवळ्यांबरोबर वृंदावनाला पुंड्याचे पाच ऊस उभे केले आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी तो मांडव खाऊन टाकला.

तोड संक्रांतीच्या तीन दिवस आधी ठरली. ऊस पिकला की नाही हे कारखान्याचा माणूस ब्रिक्स मीटरनं सांगतो. पेरातून टोचून काढलेला एक थेंब काचेवर ठेवायचा आणि भिंगातून आकडा वाचायचा. आत्यानं कोयत्याच्या पाठीनं कांड्यावर टकटक केलं. हिरवा ऊस बद्द वाजतो, पिकलेला खणखणतो. मग तिनं एकाच उसाचं बुडख्याकडचं आणि शेंड्याकडचं कांडं तोडून मला चाखायला दिलं. दोन्हींची गोडी जवळपास सारखी लागली की ऊस पक्व झाला. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, अशी म्हण आहे. ती खाणाऱ्यासाठी आहे. तोडणाऱ्याला नियम उलटा, कारण साखर सगळ्यात जास्त साठते ती बुडाशी. कोयता जमिनीला टेकवून मारावा लागतो. चार बोटं वर मारला तर सगळ्यात गोड पेर रानात राहतं, आणि पुढच्या खोडव्याचे, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या उसाचे, कोंबही जमिनीवरच्या डोळ्यांतून फुटून कमजोर निघतात.

तोडल्याक्षणी घड्याळ सुरू होतं. घरचा ऊस ज्याच्याकडं आहे त्यानं ही एक गोष्ट तरी पक्की लक्षात ठेवावी. तोडलेला ऊस वरून काठीसारखा दिसला तरी आत काम चालू असतं. कांड्यातलं पाणी उडतं, वजन घटतं आणि साखरेचे दोन तुकडे व्हायला लागतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. दोन्ही गोडच असतात, म्हणून खाणाऱ्याला फरक पटकन कळत नाही. पण त्यांचा दाणा बांधला जात नाही. शिळ्या उसाचा गूळ पातळ आणि चिकट राहतो, ढेप बसत नाही. म्हणून गुळाचा ऊस चोवीस तासांत चरकातून गेलेला बरा. जानेवारीच्या थंडीत थोडी सवलत मिळते, मार्च-एप्रिलच्या उन्हात अजिबात नाही. नुसता खायचा ऊस मात्र न सोलता, अखंड, सावलीत पाचटाखाली झाकून आणि वर पाणी शिंपडत आठ-दहा दिवस टिकवता येतो. तोडताना ज्या कांड्याला कोयता लागतो किंवा साल फाटते, ते आधी संपवायचं. आत लाल-तपकिरी पडलेलं आणि आंबूस वास येणारं कांडं गोठ्यातही टाकू नये. उत्तर चीनमध्ये थंडीभर साठवलेला, बुरशी लागलेला ऊस खाऊन माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. पोरांच्या हातात ऊस देताना आधी चिरून आतला रंग पाहावा, हे मी आता घरी सगळ्यांना सांगते.

पहिल्या दिवशी दुपारी अंगणात तीन ढीग पडले. पहिला वाढ्यांचा. शेंड्याकडचा हिरवा भाग म्हणजे वाढं, आणि ते जनावरांचं. दोन म्हशी आणि एक बैल दुपारपासून त्यांच्याकडं मान वळवून उभे होते. पण वाढ्यांत ऑक्झलेट असतं आणि ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. हंगामभर नुसती वाढी खाल्लेली दुभती म्हैस दुधाला कमी होते. म्हणून आमच्याकडं वाढ्यांबरोबर कडबा देतात आणि चुन्याची निवळी पाजतात. आत्याला ऑक्झलेट हा शब्द माहीत नाही, निवळी मात्र तिची एक दिवस चुकत नाही.

दुसरा ढीग पुंड्याचा. त्यातली कांडी संक्रांतीच्या सुगडांसाठी बाजूला निघाली. बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या लोंब्या आणि उसाचे करवे. शेजारच्या घरी वर्षाच्या बाळाचं बोरन्हाण होतं, तिथं एक टोपली गेली. उरलेला आम्ही तीन दिवस बसून खाल्ला. ऊस खायला पुष्कळ वेळ लागतो, म्हणून ऊस खाताना माणसं बोलतात. आजोबांच्या गुऱ्हाळाच्या बहुतेक गोष्टी मी त्या तीन दिवसांत ऐकल्या.

तिसरा ढीग सगळ्यात मोठा, तो गुऱ्हाळाचा. पण त्यातून आत्यानं आधी चाळीस-पन्नास ऊस काढून रसवंतीवाल्याकडं नेले आणि दोन कळशा रस आणला. रसालाही घड्याळ आहे आणि ते उसाहून फार वेगानं पळतं. दोन-तीन तासांत रस फसफसायला लागतो. गाळून लगेच गार केला तर दिवसभर राहतो आणि गोठवला तर महिनोन्महिने. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चरक नसतो, तिथं मी सोललेल्या उसाचे बारीक तुकडे थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून काढून फडक्यातून पिळले आहेत. रस निघतो, पण जरा पातळ, आणि पात्याला फार ताण पडतो. ज्याच्याकडं कुंडीत किंवा गच्चीत चार-सहाच ऊस आहेत त्यानं एवढ्यावर भागवावं.

त्या संध्याकाळी घरात रसातला भात झाला. ताजा रस उकळून वरची मळी काढायची, मग त्यात तांदूळ सोडायचे आणि मंद आचेवर दाटू द्यायचं. वेलदोडा, ओलं खोबरं, आणि चवीला चिमूटभर मीठ. साखर किंवा गूळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी रसात ज्वारीचं पीठ भिजवून दशम्या केल्या, त्या प्रवासाला तीन दिवस पुरल्या. आत्यानं मला एक गोष्ट दोनदा बजावली, रस लोखंडाच्या कढईत तापवायचा नाही. तो काळा पडतो, कारण उसातली तुरट द्रव्यं लोखंडाशी मिळतात. स्टीलचं किंवा कल्हईचं पातेलं घ्यावं.

गुऱ्हाळ शोधायला आम्हाला दोन गावं पालथी घालावी लागली. माझ्या लहानपणी गावातून बाहेर पडलं की कुठल्याही दिशेला धुराची एक रेघ दिसायची आणि तिच्या वासावरून सायकल वळायची. आता गुऱ्हाळं थोडी उरली आहेत, आणि त्यातली एक टनाचं किरकोळ काम घेणारी आणखी थोडी. ज्यानं होकार दिला तो म्हणाला, पहाटे चारला या, पहिलं आदण तुमचं.

पहाटे चारला चरक सुरू झाला. विजेच्या मोटारीवर फिरणारे तीन लोखंडी रूळ, एका बाजूनं ऊस आत, दुसऱ्या बाजूनं चिपाड बाहेर, खाली हिरवट राखाडी रसाची धार. शंभर किलो उसाला साधारण पंचावन्न-साठ लिटर रस पडतो. तो टाकीत थोडा निवळू देऊन काहिलीत सोडतात. काहील म्हणजे आठ-नऊ फूट रुंदीची उथळ कढई, जमिनीखालच्या चुलवाणावर बसवलेली. चुलवाणाच्या तोंडाशी एक माणूस बसून सतत चिपाड सारत असतो. जळण तेच, आदल्या आठवड्यात उन्हात वाळवलेलं. उसाचा रस शिजवायला उसाचंच चिपाड पुरतं, बाहेरून लाकूड आणावं लागत नाही. मला या धंद्यातली ही गोष्ट फार सुंदर वाटते.

गुळव्यामामा साठीच्या पुढचे. त्यांनी पंचेचाळीस वर्षं हेच काम केलं आहे. "ताई, धुराच्या बाजूला उभ्या ऱ्हाऊ नका," एवढं बोलून ते कामाला लागले. रस कोमट झाल्यावर त्यांनी बादलीतलं भेंडीचं पाणी ओतलं. भेंडीची झाडं ठेचून रात्रभर पाण्यात भिजवली की बुळबुळीत पाणी निघतं. ते रसात पडलं की तरंगणारा कचरा, मेण आणि माती त्याला चिकटते आणि मळीचा जाड थर वर येतो. तो झाऱ्यानं ओढून काढायचा. मग चुन्याची निवळी. उसाचा रस मुळात किंचित आम्ल असतो, चुन्यानं ती आम्लता मोडते आणि गुळाला दाणा येतो. चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो. मामांनी निवळी मोजली नाही, धार धरली आणि तोडली.

पहिली मळी निघाल्यावर आच वाढवली. रस काहिलीच्या काठापर्यंत उसळून आला, तेव्हा त्यांनी चार थेंब शेंगतेल टाकलं. फेस खाली बसला. पुढं दोन तास बाहेरून पाहणाऱ्याला काहीच घडत नव्हतं. वाफ उठत होती, रंग हिरव्याचा सोनेरी आणि सोनेरीचा तांबूस होत होता. आतून वास बदलत होता. आधी ओल्या गवताचा, मग भाजलेल्या रताळ्याचा, मग गुळाचा. आत्यानं फडक्यात बांधून आणलेली रताळी आणि शेंगा काहिलीत सोडल्या होत्या. त्या रसात शिजलेलं रताळं मी तीस वर्षांनी खाल्लं.

रस एकशे पाच-सहा अंशांवर आला की ती काकवी. आत्यानं दोन स्टीलचे डबे पुढं केले आणि मामांनी न विचारता भरून दिले. त्यापुढची पंधरा-वीस मिनिटं गुळव्याची. बुडबुडे मोठे आणि जड होतात, फुटताना आवाज बदलतो. मामांनी फळीच्या टोकानं थेंबभर पाक उचलला, गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी केली आणि परातीवर मारली. मऊ आवाज आला. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी गोळी टण्ण वाजली आणि ते ओरडले, "वडा!" थर्मामीटर लावला असता तर आकडा एकशे सोळा ते अठराच्या दरम्यान दिसला असता. दोन अंश कमी राहिले तर गूळ पावसाळ्यात पाझरतो, दोन जास्त झाले तर जळकट लागतो. चौघांनी मिळून साखळीनं काहील उचलली आणि सगळा पाक वाफ्यात ओतला. वाफा म्हणजे थंड करायचा सपाट हौद. लाकडी खोऱ्यानं तो ओढत, पसरत, परत ओढत गार केला, आणि दाणा धरू लागल्यावर फडकं अंथरलेल्या बादल्यांत भरला. तासाभरानं बादली उपडी केली की ढेप.

एका टनाला शंभर ते एकशेवीस किलो गूळ धरतात. खायचा ऊस, रस आणि काकवी वजा जाता आमच्या वाट्याला दहा-दहा किलोच्या आठ ढेपा आणि वर थोडा खरवडलेला गूळ आला. रंग तपकिरी, कापलेल्या खडकासारखा.

त्या रंगाबद्दल मला मनातून बोलायचं आहे. कोल्हापुरात गुळाची पेठ शाहू महाराजांनी वसवली, 1895 साली. दिवाळी पाडव्याला तिथं नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढं नाव असलेल्या गुळाची परीक्षा सौद्यात डोळ्यांनी होते आणि डोळ्यांना पिवळा हवा असतो. त्यापायी काही ठिकाणी काहिलीत हायड्रॉस पडतं, सोडियम हायड्रोसल्फाइट. त्यानं गूळ तेवढ्यापुरता उजळतो, काही आठवड्यांत पुन्हा काळवंडतो आणि गंधक मात्र आत राहतं. काही जण रसाऐवजी स्वस्त साखर वितळवून ढेपा भरतात. चुलतभावानं एकदा स्वच्छ तपकिरी गूळ बाजारात नेला होता. एका व्यापाऱ्यानं ढेप न फोडताच दर पाडला. याचा दोष मी गुळव्याला देत नाही. पंचेचाळीस वर्षं हातानं गोळी वाजवणाऱ्या माणसाला आपण गिऱ्हाइकांनी पिवळा रंग मागितला. मामांचा मुलगा शहरात गाडी चालवतो. त्यांच्या हाताखाली शिकणारं त्या पहाटे कोणी नव्हतं.

गुऱ्हाळ जवळ नसेल तर काकवी घरी होते. आत्यानं ती मला परसातल्या चुलीवर करून दाखवली. दहा लिटर गाळलेल्या रसाची साधारण अडीच किलो काकवी उतरते. मळी निघेपर्यंत आच मंद, मग मोठी, आणि शेवटी पुन्हा मंद. चमच्यावरून सलग तार पडू लागली की उतरवायची, गरम असतानाच गाळायची, कोरड्या काचेच्या बाटलीत भरायची. थोडा लिंबाचा रस पिळला तर तळाशी साखर बसत नाही. घावन, भाकरी, ताजं लोणी यांच्याबरोबर ती खातात. बाळंतिणीच्या खिरीतही घालतात. गूळ करायचा मोह चुलीवर टाळावा. शेवटच्या पंधरा मिनिटांत तळाला लागतो आणि सगळा दिवस वाया जातो, हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

गुऱ्हाळावरून परतताना चिपाडाचा भारा बैलगाडीत टाकून आणला. अर्धं जळणाला, अर्धं शेणकाल्यात कुजवायला. पाचटाला चुलतभाऊ काडी लावणार होता, सगळेच लावतात. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं आणि ते जाळलं की रान एका संध्याकाळीत मोकळं होतं. त्या एका गुंठ्यापुरतं आत्यानं त्याला थांबवलं. पाचट सऱ्यांत अंथरलं, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि शेणकाला टाकून पाणी सोडलं. बुडखे जमिनीलगत छाटले. आणि खरवडलेल्या गुळातला दोन किलो काळा गूळ जीवामृताच्या पिंपात गेला. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन, दोन किलो गूळ. जिथून तो आला होता, त्याच सऱ्यांत दहा दिवसांनी तो पाटाच्या पाण्याबरोबर सुटला.

ढेपा फडक्यात आणि वर पाचटात गुंडाळून माळ्यावर गेल्या. पावसाळ्यात गूळ हवेतलं पाणी ओढतो, म्हणून जूनच्या आधी त्या कोठीत धान्याच्या मध्ये ठेवल्या. दोन ढेपा लेकींच्या घरी गेल्या, एक गुळव्यामामांकडं, एक माझ्याबरोबर पुण्याला. शिमग्याला मी पुन्हा गेले. पुरण जवळजवळ चॉकलेटी झालं होतं. दारात आलेल्या प्रत्येकाला आत्यानं आधी गूळपाणी दिलं, उन्हातून आलेल्याला आणि न आलेल्यालाही.

परवा तिचा फोन आला. कोठीत आता एकच ढेप उरली आहे, ती दिवाळीच्या अनारशांना लागेल. गुंठ्यातला खोडवा डोक्याच्या वर गेला आहे. पाचटाखाली ओल राहिली म्हणून चुलतभावानं या पावसाळ्यात त्याला शेजारच्या रानापेक्षा दोन पाणी कमी दिली. यंदा तो शेजारचा आणखी एक गुंठा नोंदीतून काढायचा म्हणतो. पुंड्याचे पाच सरळ बुंधे आत्यानं बांधावरून निवडले आहेत आणि कोणी चुकून तोडू नये म्हणून त्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून ठेवल्या आहेत. तुळशीच्या लग्नाला मला यायला सांगितलं आहे.